पेसाखमध्ये चपाती का चालत नाही?

पोळपाट_लाटणं
मराठी बायबलात ज्याला वल्हांडण म्हटलंय, त्या ज्यूंच्या पेसाख सणात खमीर वर्ज्य असतं आणि 'बेखमीर भाकरी', म्हणजे मात्सा, खातात. आपल्या चपातीत तरी कुठे खमीर असतं? मग चपाती म्हणजेच मात्सा नाही का? तांदळाच्या, ज्वारीच्या भाकरीचं काय? शेजारच्या ज्यू कुटुंबाला त्या दिवसांत काही करून द्यायचं तर काय चालेल? आणि मुळात खमिराशी एवढं वैर कशासाठी?

कणीक
सगळा घोळ 'बेखमीर भाकरी' या शब्दांनी केलाय. मनाई नुसत्या यीस्टची नाही, हामेत्सची आहे. गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट (गव्हाचाच एक जुना भाऊबंद) या पाच धान्यांच्या पिठाला पाणी लागलं आणि ते १८ मिनिटं नुसतं पडून राहिलं, की झालं हामेत्स. बाहेरून खमीर घाला अथवा घालू नका. आपण कणीक भिजवून अर्धा तास झाकून ठेवतो ना, चपाती तिथेच बाद होते.

मात्सा करताना पीठ आणि पाणी, एवढंच. मीठ नाही, तेल नाही. पाणी आदल्या संध्याकाळी भरून रात्रभर ठेवून गार झालेलं लागतं, कारण कोमट पाण्याने पीठ लवकर चढतं. एका वेळी पीठ साधारण सव्वा किलोच्या आत, म्हणजे सगळं पीठ सतत हाताखाली राहतं. मळायला घेतल्यापासून भाजून होईपर्यंत थांबायचं नाही. लाटल्यावर टोचे मारतात, ते फुगू नये म्हणून. घडी पडून चिकटलेला किंवा मधोमध फुगलेला मात्सा अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या परंपरेत बाद धरतात. फुलका टम्म फुगला की आपण खूश, तिथे नेमकं उलट! येमेनी ज्यूंचा मऊ मात्सा मात्र दिसायला बराचसा चपातीसारखाच असतो.

आणखी एक अडचण गिरणीची. गहू ओलवून दळला असेल तर त्याला पाणी आधीच लागलेलं असतं. म्हणून सणासाठीचं पीठ निदान दळण्यापासून, आणि काटेकोर लोक तर कापणीपासून, राखणीत ठेवतात.

आंबोळी
भाकरीबद्दल. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ या पाचांत नाहीत, त्यामुळे त्यांचं हामेत्स होतच नाही. तालमूद या ज्यूंच्या प्राचीन धर्मचर्चेच्या ग्रंथातला युक्तिवाद मजेशीर आहे: तांदळाचं पीठ आंबत नाही, नासतं. (इडली खाणाऱ्याला हे पटणं कठीण!) पण ज्याचं हामेत्स होऊ शकतं त्याचाच मात्सा होतो, म्हणून ज्वारीची भाकरी सेदेरच्या (सणाच्या सुरुवातीच्या विधिवत जेवणाच्या) रात्री मात्साच्या जागी ठेवता येत नाही.

अश्केनाझी परंपरेत मात्र तांदूळ, डाळी, कडधान्यंही या दिवसांत टाळतात. या पदार्थांना कितनियोत म्हणतात. सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या परंपरेत तांदूळ सहसा चालतो, फक्त गव्हाचा दाणा राहू नये म्हणून तीनदा निवडतात. आपल्याकडचे बेने इस्राएल प्रार्थनेत सेफार्दी पद्धत पाळतात. तरी घरोघरी फरक असतो, विचारूनच घ्या.

फसायला होतं ते हिंगामुळे. डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. ते पीठ हामेत्स धरलं तर अख्खी आमटी गेली. माल्ट व्हिनेगर, शेवया, रवा, बिअर ही तर उघड नावं. साबुदाणा कंदाचा, त्यामुळे तो ना पाचांत ना कितनियोतमध्ये.

पोळपाट_लाटणं
म्हणजे हिंग टाळून बटाट्याची भाजी आणि साबुदाण्याची खिचडी दिली तर चालेल?

आंबोळी
भांड्यांचं काय? ज्या कढईत वर्षभर पोळ्यांचे तुकडे परतले, तिने ती चव शोषलेली धरतात. शिजवायचं स्टीलचं भांडं घासून २४ तास न वापरता ठेवायचं, मग काठोकाठ पाणी भरून खळखळून उकळायचं. तवा लालबुंद होईपर्यंत तापवावा लागतो. मातीचं भांडं शुद्ध होतच नाही. बेने इस्राएलांमध्ये या सणाचं जुनं नाव 'अनाशी ढाकाचा सण' असं होतं, म्हणजे आंबवणाचं मडकं झाकून ठेवायचा सण. नाव मडक्यावरूनच पडलं. तर शिजवलेलं काही नकोच.

मोशेची_काठी
वैर का, त्याबद्दल. इस्राएली लोक इजिप्तच्या गुलामीतून सुटले, त्याची आठवण म्हणून हा सण. 'घाईत निघाले, पीठ फुगायला वेळ मिळाला नाही' हे बायबलच्या निर्गम या पुस्तकात (१२:३९) आहेच. पण मात्सा खायची आज्ञा त्याच अध्यायात ८व्या ओवीत, निघण्याच्या आधीच दिलेली आहे! आणि बायबलचंच 'अनुवाद' नावाचं पुस्तक (१६:३) त्याला हालअपेष्टांची भाकर म्हणतं. म्हणजे गुलामीची भाकर आणि सुटकेची भाकर एकच. सेदेरला तो तुकडा हातात धरून दोन्ही गोष्टी सांगायच्या असतात.

फुगलेलं पीठ म्हणजे गर्व, हा अर्थ नंतरच्या शिक्षकांनी लावला. तो सुंदर आहे, पण ताणू नये. पेसाखच्या दुसऱ्या दिवसापासून ४९ दिवस मोजून येणाऱ्या शावुओत सणाला मंदिरात जे दोन पाव अर्पण करायचे ते लेवीय २३:१७ प्रमाणे खमिराचेच. खमीर वाईट असतं तर ते तिथे चाललं नसतं. मनाई फक्त या दिवसांपुरती आहे. मात्र तेवढे दिवस ती कडक: खायचं तर नाहीच, घरात दिसायलाही नको, मालकीचंही असायला नको. म्हणून निसान या ज्यू महिन्याच्या १४ तारखेच्या आदल्या रात्री दिवा घेऊन कोपरे शोधतात आणि सकाळी सापडलेलं जाळतात. बिस्किटांचा पुडा भेट म्हणून नेलात तर यजमानांची पंचाईत होईल.

कणीक
थोडक्यात, न कापलेली फळं न्या. डबा द्यायचाच असेल तर आठव्या दिवशी (इस्राएलमध्ये सातव्या) रात्र पडल्यावर द्या. त्यांच्या घरात तेव्हा पीठ-पाव काही नसतं, आणि बिगरज्यू शेजाऱ्याकडचं हामेत्स सण सरल्यावर लगेच चालतं. मोरोक्कोत याच रात्री मुसलमान शेजारी पीठ, दूध, मध घेऊन ज्यूंच्या घरी येत. त्या रात्रीला मिमुना म्हणतात.