पोलीस ठाण्याची पायरी चढल्यावर: तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ती

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. पोलीस ठाण्याच्या पायरीबद्दल तसं सांगावंही लागत नाही, माणसं आपणहून टाळतात. घरफोडी झाली तरी "जाऊ दे, मागे लचांड नको" असं घरातलंच कोणीतरी म्हणतं. अडचणीतल्या माणसानं जिथे पहिल्यांदा धाव घ्यायची, तिथे जायचीच त्याला धास्ती वाटते. मला हे फार गंभीर वाटतं.

सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या खटल्यात पोलीस सुधारणांचे सात निर्देश दिले. पदावर किमान दोन वर्षं, तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची फारकत, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण हे त्यातले काही. याचिका 1996 ची होती आणि तिच्यामागे 1977 साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाचे आठ अहवाल होते. आजार आणि औषध दोन्ही केव्हाच लिहून झालंय.

माझं मत असं, की दुखण्याचं मूळ तक्रार न लिहिण्यात आहे. जे लिहिलंच गेलं नाही, त्याचा तपास होत नाही आणि जाबही कोणाला विचारता येत नाही. पटत नसेल तर जरूर सांगा. ठाण्याचं किंवा अधिकाऱ्याचं नाव नको, घडलं ते लिहा. पोलीस दलातल्या आणि पोलिसांच्या घरातल्या मंडळींनीही लिहावं, ही खास विनंती.

मोबाइल गेलेला एक जण

बसथांब्यावर उभा होतो. मोटारसायकलवरून दोघं आले आणि हातातला फोन हिसकावून गेले. ठाण्यात गेलो तर अंमलदार म्हणाले, "चोरी कशाला लिहिता? गहाळ लिहा. लगेच दाखला देतो, सिम चालू होईल." मी म्हटलं, साहेब, गहाळ नाही झाला, माझ्या हातातून ओढून नेला. ते म्हणाले, "मग बसा. साहेब बंदोबस्ताला गेलेत."

बराच वेळ बसलो. शेवटी नवं सिम तातडीनं हवं होतं म्हणून गहाळचाच दाखला घेतला. सरकारदरबारी माझा फोन आजही कुठेतरी पडून हरवलेला आहे, आणि ते दोघं मोटारसायकलवाले अस्तित्वातच नाहीत. पुढे त्याच थांब्यावर एका बाईंची पर्स गेली, तीही अशीच.

धागाकर्ती

हे बेकायदा आहे. दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं घटनापीठानं ललिता कुमारी निकालात नोव्हेंबर 2013 मध्ये सांगितलंय. नाकारलं तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. एफआयआरची प्रत फुकट मिळायला हवी.

जिल्हा न्यायालयातला वकील

एक पुस्ती जोडतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये एक वाट ठेवली आहे. तीन वर्षं ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत गुन्हा नोंदवण्याआधी उपअधीक्षकांच्या परवानगीनं चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. ज्या ठाण्याला लिहायचंच नसतं, त्याला एवढी फट पुरते. मला ही तरतूद चुकीची वाटते.

माझा खरा राग मात्र तपासावर आहे. ज्या अधिकाऱ्याकडे खुनाचा तपास असतो, तोच सकाळी मंत्र्यांच्या दौऱ्याला आणि संध्याकाळी मोर्चाला उभा असतो. रात्री जागून केस डायरी भरतो. पंच तेच ते, पंचनाम्याची भाषा तीच ती. आरोपी सुटतो आणि लोक म्हणतात, कोर्टानं सोडलं. कोर्टानं काय पाहायचं, पुरावाच कच्चा असतो! तपासासाठी वेगळं मनुष्यबळ हा सात निर्देशांतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा निर्देश, आणि त्याच्याबद्दल बाहेर कोणी बोलतच नाही.

प्रत्येक ठाण्यात, कोठडीसह, सीसीटीव्ही हवेत असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2020 मध्ये बजावलं. मारहाणीची तक्रार असलेल्या अशिलासाठी मी चित्रीकरण मागितलं, तर उत्तर आलं की त्या दिवशी कॅमेरा नादुरुस्त होता.

निवृत्त पोलीस निरीक्षक

विनंती केलीत म्हणून लिहितो. तक्रार का लिहीत नाहीत, ते आतून सांगतो. दर महिन्याला क्राईम मीटिंग असते. वरिष्ठ पहिला प्रश्न विचारतात, "तुमच्याकडे जबरी चोरी वाढली कशी?" हद्दीत लोक निर्धास्तपणे तक्रार द्यायला येतात म्हणून आकडा वाढला, असं सांगणाऱ्या अधिकाऱ्याला शाबासकी मिळालेली मी पाहिलेली नाही. आकडा कमी दाखवणारा कार्यक्षम ठरतो. हा हिशोब बदलल्याशिवाय अंमलदाराला कितीही दटावा, तो गहाळच लिहिणार.

दुसरी गोष्ट बदलीची. महाराष्ट्रानं 2014 मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली, पदावरचा कालावधी ठरवून दिला, बदल्या पाहणारी आस्थापना मंडळं नेमली. पण लोकहित आणि प्रशासकीय निकड या कारणांनी मुदतीआधी बदलीची मुभाही त्याच कायद्यात आहे. स्थानिक पुढाऱ्याच्या माणसावर मी गुन्हा नोंदवला, तेव्हा माझ्याही वाट्याला ती निकड आली. मुलीची दहावी चालू होती. त्यानंतर माझ्या हाताखालच्या पोरांनी काय धडा घेतला असेल, याचा विचार मी अजून करतो.

हवालदाराची मुलगी

बाबा हवालदार होते. गणपतीचे दिवस आमच्या घरात बाबांशिवायच जायचे. विसर्जनाला सकाळी गेलेले बाबा दुसऱ्या दिवशी यायचे आणि पायातले बूट काढता काढता बसल्या जागी झोपायचे. साप्ताहिक सुट्टी आयत्या वेळी रद्द व्हायची. लाइनीतल्या क्वार्टरचं छत पावसाळ्यात गळायचं आणि दुरुस्तीचा अर्ज आईच करायची.

2016 मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा आमच्या चाळीत लोकांनी ती बातमी एकमेकांना वाचून दाखवली होती. वर बसथांब्याचा अनुभव लिहिणाऱ्या दादांची चीड मला पटते. थकवा म्हणून कोणाशी उर्मटपणे वागावं, असं मी म्हणत नाही. पण सलग चोवीस तास उभ्या असलेल्या माणसाकडून आपण शांतपणे ऐकून घेण्याची अपेक्षा ठेवतो, तेव्हा त्याला झोप मिळाली का हेही सरकारला विचारलं पाहिजे.

पारधी समाजातला शिक्षक

धागाकर्त्या ताईंचं म्हणणं मला अर्धंच पटतं. तुमची तक्रार लिहीत नाहीत, आणि आमचं नाव तक्रारीच्या आधीच लिहिलेलं असतं. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. स्वतंत्र भारतात 1952 साली तो कायदा गेला, म्हणून आम्ही विमुक्त. पण 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि ठाण्याच्या नजरेत आम्ही होतो तिथेच राहिलो.

पंचक्रोशीत कुठेही दरोडा पडला की पहाटे गाडी आमच्या वस्तीवर येते. माझ्या चुलत्यांना असंच उचललं होतं. कुठे नेलं, कशासाठी नेलं, कोणी सांगेना. काकू रडत ठाण्यासमोर बसून होती. मी गेलो, अटकेबाबत सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू निकालात घालून दिलेले नियम छापून सोबत नेले होते. अटक केली असेल तर मेमो दाखवा, त्यावर साक्षीदाराची सही कोणाची ते सांगा, नातेवाइकाला का कळवलं नाही, वैद्यकीय तपासणी झाली का, एवढंच विचारलं. आधी माझी जात विचारली, मग शिक्षण. संध्याकाळी चुलते सुटले. अटक दाखवलेलीच नव्हती, कागदच नव्हता. पाठीवरचे वळ होते.

डिसेंबर 1996 चा तो बसू निकाल शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला मी आता दरवर्षी शिकवतो. माझी मागणी साधी आहे. पोलीस प्रशिक्षणात आमच्या वस्तीतल्या माणसांना बोलवा, नव्या शिपायांना आमच्याशी बोलू द्या.

लोकलने रोज जाणारी

माझा अनुभव चांगला आहे, तोही नोंदवते. गाडीत मंगळसूत्र ओढलं. उतरले तिथल्या ठाण्यात म्हणाले, घटना पुढच्या हद्दीत घडली, तिकडे जा. मी निघालेच होते, तर आत बसलेल्या महिला उपनिरीक्षक उठून आल्या. शून्य क्रमांकानं, म्हणजे हद्द न पाहता गुन्हा नोंदवला, मला पाणी दिलं, जबाब माझ्याच शब्दांत लिहिला आणि वाचून दाखवला. मंगळसूत्र मिळालं नाही, तरी त्या ठाण्यात मी पुन्हा बिनधास्त जाईन.

सिरोंचा तालुक्यातून

आमच्याच भागातल्या देसाईगंजच्या ठाण्यात 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयात दोन्ही पोलीस सुटले, देशभर संताप झाला आणि 1983 मध्ये कायदा बदलावा लागला. तेव्हा आमचा गडचिरोली जिल्हाही वेगळा नव्हता. आमच्याकडच्या बायांना ठाण्याची भीती का वाटते, हे यावरून समजा.

पोलिसांविरुद्ध तक्रार करायला प्राधिकरण आहे, असं सगळे सांगतात. न्यायालयानं ते जिल्ह्यापर्यंत मागितलं होतं, आपल्या राज्याच्या कायद्यानं विभागापर्यंतच ठेवलं. इथून नागपूर गाठायला अख्खा दिवस लागतो, मजुरी बुडते, मुक्काम पडतो आणि सोबत माडिया किंवा तेलुगू समजणारा माणूस न्यावा लागतो. प्राधिकरणानं वर्षातून काही वेळा अहेरीला किंवा सिरोंच्याला सुनावणी ठेवावी आणि दुभाषा द्यावा, असा अर्ज आम्ही काही जण तयार करतोय. वकील साहेब, मसुदा पाहून द्याल का?

जिल्हा न्यायालयातला वकील

पाठवा, याच आठवड्यात पाहतो. शिक्षक सरांनीही त्यात विमुक्त वस्त्यांचा एक परिच्छेद घालावा, म्हणजे दोन्ही मागण्या एकाच अर्जात जातील.