शीट दिसते, पण नियम वाचता येत नाहीत

जावास्क्रिप्टमध्ये डॉक्युमेंट.स्टाइलशीट्समध्ये (पानाला जोडलेल्या सीएसएस शीट्सच्या यादीत) शीट दिसते, पण तिचे सीएसएसरूल्स (शीटमधले नियम) वाचायला गेलं की सिक्युरिटी एरर येतो, तो का, असं एकाने विचारलंय. शीट दुसऱ्या डोमेनवरून येत असेल तर ब्राउझर हे मुद्दाम अडवतो. लिंक टॅगला क्रॉसओरिजिन हे अ‍ॅट्रिब्यूट लावा आणि त्या सर्व्हरकडून कॉर्सचा (दुसऱ्या डोमेनला वाचायची परवानगी देणारा) हेडरही यायला हवा. नुसत्या एकाने भागत नाही.

आणखी एक, कारण यात भलेभले अडकतात: इन्सर्टरूलला (शीटमध्ये नवा नियम घालणाऱ्या मेथडला) इंडेक्स, म्हणजे जागेचा क्रमांक, दिला नाही तर नियम ० वर, म्हणजे सगळ्यांच्या आधी जातो. मग खालचा तेवढ्याच स्पेसिफिसिटीचा (सिलेक्टरच्या वजनाचा) नियम त्याच्यावर मात करतो. एरर काहीच येत नाही, म्हणून चूक लवकर सापडत नाही. नियम शेवटी हवा असेल तर इंडेक्स म्हणून सीएसएसरूल्स.लेंग्थ (नियमांची संख्या) द्या.