कुडाळची रानमेवा फेरी: तारीख, वाट आणि चादर कोणाची

सचिव: मंडळी, आपल्या सोसायटीच्या रानमेवा फेरीसाठी २३ नावं आली, त्यात ६ मुलं. सिंधुदुर्गात जायचं एवढंच ठरलंय. तारीख आज पक्की करू. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यातल्या शनिवार-रविवारच्या कोकण गाड्या बघता बघता भरतात.

डी-६०१: २३-२४ मे ठेवा. तोवर मुलांची शिबिरं संपतात.

सी-३०१ कुडाळवाले: चोवीसला उशीर होतो. त्या सुमारास वळवाच्या सरी सुरू झालेल्या असतात. पाऊस लागला की करवंदं पाणी पिऊन पचपचीत होतात आणि चिरतात, फणस पाणचट लागतो, रायवळ आंबा कापला तर आत फळमाशीची अळी वळवळते. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, झाडाखालीच कुजायला लागतात. आणि फार आधी, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर गेलात, तर काजूची बोंडं भरपूर आणि करवंदं अर्धी हिरवी. सगळी फळं एकाच दिवशी कधीच मिळत नाहीत. ८ ते १२ मेच्या दरम्यान करवंद, जांभूळ, रातांबा, फणस आणि रायवळ ही पाच बहुतेक वेळा हाताला लागतात. काजूची शेवटची बोंडं आणि उरलीसुरली तोरणं मिळाली तर नशीब.

सचिव: म्हणजे रविवार १० मे. गाडी?

सी-३०१ कुडाळवाले: शुक्रवारी रात्रीची. पण तुतारी एक्स्प्रेस दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते, म्हणून तिकिटावर ९ तारीख हवी. ८ तारखेचं काढलं तर गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असेल. दरवर्षी कोणीतरी फसतंच.

बी-५०३: अभयारण्यातच का नको? राधानगरी किंवा तिलारीच्या बाजूला खरं जंगल आहे.

ए-१०४ काकू: कारण आपल्याला फळं खायची आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही तोडता किंवा नेता येत नाही, करवंदंसुद्धा. देवराईत कायद्याच्या आधी गावाचा नियम: पडलेलं पानही उचलायचं नाही. त्यामुळे चव घेण्याची ठिकाणं मालकीच्या जमिनीत ठेवायची, मालकाला विचारून. देवराईतून फक्त चालायचं आणि बघायचं.

बी-२०२ डॉक्टर: तिलारीचा भाग दोडामार्ग तालुक्यात येतो आणि तिथे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. हा रोग गोचिडीमुळे होतो. जानेवारी ते मे हा तिचा जोराचा हंगाम आणि काजू गोळा करणारी माणसं नेमकी तेव्हाच पाचोळ्यात वावरत असतात. मुलं बरोबर असताना तिकडे नको. कुडाळच्या बाजूला गेलो तरी जिल्हा तोच आहे, तेव्हा पाळायचं ते सगळं पाळायचं. सविस्तर नंतर लिहिते.

सी-३०१ कुडाळवाले: मग वाट अशी. वाडीतल्या परसातून सुरुवात, पाणंदीने (शेतांमधल्या अरुंद वाटेने) काजूच्या बागेत, तिथून सड्याच्या (जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराच्या) कडेकडेने करवंदीच्या जाळ्या, देवराई, व्हाळाच्या कोंडीजवळ (ओढ्याच्या डोहाजवळ) थांबा आणि परत वाडीत. एकूण ४ किलोमीटर, चढ जेमतेम शंभर मीटर. खात-बघत साडेतीन ते चार तास लागतात. निघायचं सकाळी ६:१५ ला. सडा ८:३० च्या आत ओलांडलेला हवा. जांभा दगड तापला की खालून भट्टी आणि वरून ऊन, सावलीला झुडूपही नाही. तिथल्या हवेत पारा ३३-३४ च्या वर फारसा जात नाही, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. शहरी माणूस तिथेच कोसळतो.

डी-६०१: वाटाड्या एकच पुरेल ना?

सी-३०१ कुडाळवाले: २३ जणांना दोन हवेत. १२ आणि ११ च्या तुकड्या करून २० मिनिटांच्या अंतराने सोडा. एका करवंदीच्या जाळीवर २३ माणसं पडली तर मागच्यांना काटेच मिळतात. आणि वाटाड्या निवडताना तीन प्रश्न विचारा. जमीन कोणाची? या आठवड्यात कोणतं झाड पिकलंय? आदल्या दिवशी वाट फिरून येणार का? तिसऱ्याला टाळाटाळ केली तर दुसरा बघा. फळं झाडावर रोज बदलतात.

पैशांचंही आधी बोला. वाटाड्याची मजुरी वेगळी आणि बागमालकाला फळांचे वेगळे. रातांबे, करवंदं विकून तिथल्या बायका मेचा महिना काढतात. रानातलं म्हणून ते फुकट, हा समज शहरात सोडून या.

सचिव: मान्य. माणशी खर्चात दोन्ही धरतो. आता काकू, फळांवर लिहा. मुलांचे पालक घाबरले आहेत.

ए-१०४ काकू: घाबरू नका, पण एक नियम पक्का: वाटाड्याने हातात दिलेलंच खायचं. "पाखरं खातात म्हणजे चालतं" हे साफ खोटं. काजरा बघा. कोकणात वाटेवाटेवर असतो, फळ नारंगी, गोल, छोट्या संत्र्यासारखं गोंडस. माकडं आणि धनेश वरचा गर खातात. बियांत मात्र स्ट्रिक्नीन असतं, माणसाला जीवघेणं.

दुसरी जोडी गेळ आणि आळूची. दोन्ही काटेरी, दोन्हींची फळं पिवळट-तपकिरी, लहान पेरूएवढी. आळू पिकला की गोड. गेळ खाल्लं तर उलट्या, आयुर्वेदात तो वांतीसाठीच वापरतात. ओळखायचं असं: गेळफळाच्या टोकाला फुलाच्या तळच्या हिरव्या दलांचा मुकुट तसाच राहतो आणि आत पुष्कळ बारक्या बिया असतात. आळूच्या टोकाला फक्त खोलगट वर्तुळ आणि आत चार-पाच टणक आठळ्या. तरीही स्वतःच्या ओळखीवर तोंडात टाकू नका.

ए-१०४ काकू: करवंद. पूर्ण काळं आणि बोट लावताच सुटून येईल तेच घ्यायचं. तांबूस करवंदाला चीक जास्त आणि आंबटही. काटे जोडीने, फाट्यासारखे असतात, म्हणून हात जाळीत खुपसायचा नाही, बाहेरच्या फांदीवरची दोन बोटांनी तोडायची. द्रोणात पाणी घेऊन त्यात पाच मिनिटं टाकली की चीक बराच सुटतो. ओठांना आधीच खोबरेल लावा, नाहीतर ते चिकटतात. मुलांना कोंबडा-कोंबडी खेळायला लावा: करवंद चावून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. तेवढ्यात वीसेक जण शांत बसतात.

तोरणं पांढरी, पिठूळ, गोडसर. तिचे काटे आकड्यासारखे मागे वळलेले असतात. कपडा अडकला तर पुढे ओढू नका, एक पाऊल मागे या, आपोआप सुटतो.

सी-३०१ कुडाळवाले: जांभळाचं मी सांगतो. झाडावर कोणीही चढणार नाही, वाटाड्याही नाही. जांभळाची फांदी ठिसूळ, आवाज न करता मोडते. खाली जुनी सुती चादर चौघांनी ताणून धरायची आणि आकडीने फांदी हलवायची. जमिनीवर आधी पडलेली घेऊ नका, त्यात अळी आणि मुंग्या. मीठ लावून पाच मिनिटं ठेवली की घसा कमी आवळतो. पांढरे शर्ट घालून येणाऱ्यांना आत्ताच सांगतो, डाग जात नाहीत.

ए-१०४ काकू: दादा, काजूचं नीट लिहा. सगळ्यात जास्त इजा त्यानेच होते.

सी-३०१ कुडाळवाले: बोंडू खायचा, बी नाही. बीच्या टरफलात झोंबणारं तेल असतं, त्वचेला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात. मुलं बी दाताने फोडायला बघतात, ओठ आणि जीभ सुजते. बी पानात धरून पिरगळून काढायची आणि थेट मालकाच्या टोपलीत टाकायची. तो त्याचा पैसा आहे. बोंडू सकाळी पडलेला, घट्ट सालीचा घ्या. दुपारपर्यंत उन्हात राहिलेला आंबायला लागतो. गोव्यात त्याचीच हुराक आणि फेणी होते, पण आपल्याला आठ वाजता ती नको. आडव्या चकत्या करून मीठ लावा, घशाची खवखव कमी होते.

बी-२०२ डॉक्टर: काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. ज्यांना आंब्याच्या चिकाने तोंडाभोवती पुरळ येतं त्यांनी काजूच्या बीला हातही लावू नये. रायवळ चोखण्याआधी देठ काढून पहिला चीक पिळून टाका आणि आंबा धुवा.

बी-५०३: फणस वाटेत कापणार?

सी-३०१ कुडाळवाले: वाटेत नाही. १० किलोचा फणस कोण वाहणार? परत वाडीत आल्यावर. कापा आणि बरका दोन्ही सांगून ठेवा, फरक जिभेलाच कळू दे. काप्याचा गरा करकरीत, सुटा. बरका लिबलिबीत, गिळायचाच, फणसपोळीला तोच. पिकला की थापटल्यावर बदबद आवाज येतो आणि काटे रुंदावतात. विळीला आणि हाताला खोबरेल चोळल्याशिवाय हात लावू नका. चीक साबणाने हलत नाही, तेलाने सुटतो. आठळ्या टाकू नका, धुऊन, वाळवून घरी आणा, भाजीला होतात.

बी-२०२ डॉक्टर: गरे माणशी चार-पाच पुरे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी खाऊ नयेत, पोटॅशियम जास्त असतं. मधुमेहींसाठी: जांभूळ हे गोळीला पर्याय नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी चालायचं नाही, ५:४५ ला भाकरी किंवा पोहे खाऊनच निघा. तसंही रिकाम्या पोटी आंबट आणि तुरट फळं म्हणजे साडेनऊला पोटदुखी. पक्ष्याने, वटवाघळाने किंवा खारीने कुरतडलेलं फळ कितीही पिकलेलं असो, टाकून द्या.

ए-१०४ काकू: रातांबा राहिला. लाल गर्द, दाबल्यावर किंचित मऊ हवा. बी भोवतीचा पांढरा गर चोखायचा, साल खूप आंबट. शनिवारी दुपारी वाडीत आमसुलं करताना बघायला मिळेल: साल वेगळी, बी आणि गराच्या रसात मीठ घालून त्यात साल बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, असं अनेकदा. नुसती एकदा वाळवलेली साल फिकी पडते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. घरी सरबत करणाऱ्यांनी ताजी साल १ किलोला साखर २ किलो, बरणीत थराथराने. ओला चमचा घातलात तर आंबलंच समजा.

डी-६०१: माकडतापाचं राहिलं डॉक्टर.

बी-२०२ डॉक्टर: लिहिते. गोचिडीची पिल्लं खसखशीएवढी असतात, दिसत नाहीत. पूर्ण बाह्या, फिक्या रंगाची पँट, पायमोजे पँटच्या वर ओढलेले. डीएमपी तेल (गोचीड दूर ठेवणारं) हातापायांना आणि मोज्यांच्या कडेला, दर दोन-तीन तासांनी पुन्हा, लहान मुलांच्या कपड्यांवरच. पाचोळ्यावर बसायचं नाही, प्लास्टिकचं बसकर न्या. परतल्यावर लगेच गरम पाण्याने अंघोळ, कपडे गरम पाण्यात, आणि काखा, गुडघ्याची मागची बाजू, कानामागे, केसांत तपासा. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढायची. काडीने भाजू नका, तेल ओतू नका, पिळू नका. नंतर आठ-दहा दिवसांत ताप, तीव्र डोकेदुखी किंवा अंगदुखी झाली तर डॉक्टरांना "सिंधुदुर्गात रानात फिरलो" हे आधी सांगा. तो रोग माणसाकडून माणसाला होत नाही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वाटाड्यामार्फत ग्रामपंचायतीला कळवा.

सापाचं: सड्यावर फुरसं असतं, दगडाखाली, रंग दगडासारखाच. दगड उलटू नका, हात टेकून चढू नका. चावलाच तर घट्ट बांधणं, चिरणं, चोखणं काही नाही. अंगठी-बांगड्या काढा, पाय हलवू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठा.

बी-५०३: खाजकुयली?

ए-१०४ काकू: आहे. मेमध्ये वाळलेल्या शेंगा वेलीवर लटकतात, तपकिरी मखमली. मुलांना आधी वाटाड्याकडून दाखवून घ्या. लागली तर चोळू नका, हात लावू नका. चिकटपट्टी लावून शेंगेचे केस ओढून काढा, मग पाण्याने धुवा.

सचिव: सामानाची यादी कोण टाकतंय?

सी-३०१ कुडाळवाले: लांबलचक यादी नको. माणशी ३ लिटर पाणी, क्षारपाकिटं (ओआरएस) दोन (एक लिटरला एक, अर्ध्या बाटलीत अख्खं ओतू नका), मिठाची पुडी, खोबरेलाची छोटी बाटली, गच्च पकडीचे बूट, टोपी. चपला नाहीत. द्रोण वाडीतून मिळतील, प्लास्टिकच्या ताटल्या आणणाऱ्याने त्या परत न्यायच्या. सिगारेट काडेपेटीसकट घरी. मेमध्ये काजूची बाग एका ठिणगीने जाते.

सचिव: ठीक. शनिवार ९ मे दुपारी कुडाळ, आमसुलं बघणं, रविवारी ६:१५ ला पहिली तुकडी, ६:३५ ला दुसरी, रविवारी संध्याकाळची परतीची गाडी. मुलं पहिल्या तुकडीत, डॉक्टर त्यांच्याबरोबर, काकू दुसरीत. आरक्षण ९ किंवा १० मार्चला उघडेल, तारीख रेल्वेच्या साइटवर बघून तेव्हा सकाळी आठच्या जरा आधी चौघांनी लॉगिन करून बसा. जांभळांसाठी चादर कोण देतंय?

डी-६०१: आमच्याकडे जुनी आहे, पण पांढरी.

ए-१०४ काकू: पांढरीच आणा, फळं दिसतात.

सी-३०१ कुडाळवाले: आणि परत मागू नका.