केमोत गुळवेलीचा काढा: द्यावा की देऊ नये?

मिरज_रोड: काल इथं कुणीतरी लिहिलं, "केमोनं पांढऱ्या पेशी उतरल्या की रोज गुळवेल-अश्वगंधाचा काढा द्या, इंजेक्शनची गरजच नाही." वाचून डोकं फिरलं. सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध दिलेल्या उंदरांत गुळवेलीनं पांढऱ्या पेशी वाढल्या, खरं आहे. पण ते उंदीर! माणसात केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांनी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तळाला जातात. ते ५०० च्या खाली असताना ताप १००.४ वर गेला, तर काढा उकळत बसायचं का दवाखाना गाठायचा? आमच्या चुलत्यांना "अंगात उष्णता आहे" म्हणून घरीच ठेवलं. नंतर आयसीयू.

वाळव्याची_लेक: दादा, पांढऱ्या पेशी वाढवायच्या त्या फिल्ग्रास्टिमच्या इंजेक्शननं माझ्या आईची हाडं रात्रभर ठणकायची. ते कोण लिहिणार? आणि केमोतलं व्हिन्क्रिस्टीन आलं कुठून? दारातल्या सदाफुलीतूनच ना!

मिरज_रोड: सदाफुलीचा पाला चावून कुणी बरं झालेलं नाही. त्यातलं औषध वेगळं काढून, मोजून शिरेतून देतात. तुमच्या काढ्यात काय किती उतरलं, कुणी मोजलं?

हळकुंड_सांगली: हळदीचं कुणी नावच काढंना! आमच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय.

तासगाव_सिस्टर: भाजी-आमटीत खुशाल खावा. हळदीतल्या करक्युमिनच्या कॅप्सूल मात्र केमोत नकोत. उंदरांवरच्याच प्रयोगात त्यानं सायक्लोफॉस्फमाइडचा गाठीवरचा असर कमी केलाय.

हळकुंड_सांगली: झालं, शेतकऱ्याच्या मालावर संशय! पिवळेपणासाठी लेड क्रोमेट हा शिशाचा विषारी रंग मारणारे मोकाट, बदनाम आम्ही. हरिपूरची पेवं, हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, २००५ च्या पुरात गेली, तेव्हा विचारायला कोण आलं? वर्षभर राबून, शिजवून, पॉलिश करून माल यार्डात न्यायचा आणि सौद्यात दर पाडून घ्यायचा. आधी ते बोला!

कराडचा_पाटील: पेवांचं दुखणं खरंय. आमच्या पाहुण्यांचा माल तिथंच कुजला. नुकसानभरपाईचे कागद अजून फिरत्यात.

तासगाव_सिस्टर: अहो, इथं पेशंटच्या जिवाचं चाललंय! दरासाठी वेगळा धागा काढा. ताई, २०२१ ला मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याचं छापलं होतं.

वाळव्याची_लेक: आणि आयुष मंत्रालयानं ते खोडून काढलं, तेही सांगा की.

तासगाव_सिस्टर: सांगते. वाद आहेच. पण केमोची बरीच औषधं यकृतातूनच जातात. यकृत बिघडलं तर पुढचा डोस लांबतो, आणि त्यात गाठ वाढू शकते.

वाळव्याची_लेक: बरं, केमो संपेपर्यंत आईचा काढा बंद. तुम्ही म्हणता म्हणून नाही, डोस लांबायला नको म्हणून. पण डॉक्टरांनी एकदा तरी विचारावं, घरी काय काय घेता? मान वर न करता चिठ्ठी लिहितात, म्हणून माणसं वैदूकडं जातात.

मिरज_रोड: हे मान्य करावंच लागंल. तरी आजच आईंच्या सीबीसीबरोबर (रक्तपेशींची तपासणी) एलएफटीही (यकृताची तपासणी) करून घ्या, आणि काढ्याचं डॉक्टरांना स्वतःहून सांगा.