'किंमत काढू नकोस' हे एका शब्दात कसं सांगायचं?

सांजवेळ: बीएस्सीच्या मुलांसाठी मॅक्सिमा या गणिती सॉफ्टवेअरची टिपणं मराठीत करतेय. 'डिफ' या डेरिव्हेटिव्ह काढायच्या आज्ञेआधी एक अवतरणचिन्ह टाकलं की मॅक्सिमा ते डेरिव्हेटिव्ह काढत नाही, जसंच्या तसं ठेवतं. डिफरन्शियल समीकरण देताना हे लागतंच. चिन्ह विसरलं, तर वाय एक्सवर अवलंबून आहे हे त्याला कळत नाही आणि हाती शून्य येतं. मी लिहिलं, 'मूल्यमापन स्थगित होते'. मुलांनी ते परीक्षेबद्दल आहे असं वाचलं.

त्रिज्या: मूल्यमापन सोडाच. शाळेपासून आपण 'किंमत काढा' म्हणतो. पण 'स्थगित'ही नको. मॅथेमॅटिका या तशाच सॉफ्टवेअरमध्ये कोलन-बरोबर (:=) वापरून एखाद्या नावाला रँडम संख्या दिली, तर नाव घ्याल तेव्हा नवी संख्या येते. हे पुढे ढकलणं झालं. तिथलीच 'होल्ड' ही आज्ञा म्हणजे हातच न लावणं. कोर्ट निकाल 'राखून ठेवतं', तो शब्द घ्या.

उंबरठा: राखून ठेवलेल्या निकालाची सुनावणी तरी झालेली असते. इथे काहीच झालेलं नाही. 'मुलतवी' घ्या. अरबीत मूळ अर्थ पीळ पडलेला, वळलेला. मेपल या तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किंमत काढायच्या दर फेरीला अवतरणाची एक जोडी गळते, ते एकेक पीळ सुटण्यासारखंच आहे.

पाटपाणी: गणितात अरबी कशाला? 'अगणित' म्हणा.

उंबरठा: अगणित म्हणजे मोजता न येण्याइतके! आणि 'किंमत'ही अरबीच आहे.

पाटपाणी: किंमत घराघरांत रुळली. मुलतवी कचेरीतच राहिली.

कोयरी: आजी नैवेद्याचं ताट केळीच्या पानाने झाकायची. आरती होईपर्यंत पान उचलायचं नाही. आत वरण, भात, पुरण सगळं जिथल्या तिथे. मी वर्गात 'झाकलेली राशी' (राशी म्हणजे एक्स्प्रेशन) म्हणते, मुलांना लगेच कळतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतोच ना?

त्रिज्या: त्या म्हणीतली मूठ रिकामी असते. राशी रिकामी नाही.

उंबरठा: रिकामी कुठे म्हटलंय? उघडली नाही, एवढंच. आमच्याकडे घरातलं बाहेर बोलू नये म्हणून ही म्हण सांगतात.

सांजवेळ: 'झाकलेली' आवडलं. पण क्रियापद काय? 'राशी झाका'?

पाटपाणी: म्हणीत 'सव्वा'च का, याचा विचार केलाय कुणी? सत्यनारायणाच्या प्रसादाचं माप सव्वाचं, दक्षिणाही सव्वा रुपया. पूर्णाच्या वर थोडं, म्हणून ते शुभ.

कोयरी: आमच्याकडे गव्हाचा रवाच सव्वा शेर घेत.