कासचं कुंपण निघालं, आता वणव्याचं तरी गावाला विचारून करा

जावळीकर: साताऱ्याजवळचं फुलांचं कास पठार २०१२ ला जागतिक वारशात गेलं, गर्दी वाढली, मग फुलं वाचवायला पठाराला जाळी मारली नि गुरं बंद. पुढं अभ्यासकच म्हणायला लागले की चराई थांबल्यानं गवत माजलं, फुलं दबली, शेवटी जाळी काढली. गुराख्यांना आधी ग्रामसभेत बसवून विचारलं असतं तर एवढा खर्च झाला नसता, माझं म्हणणं एवढंच.

रानगवा_पाटण: विचारून काय होतंय? फुलं नुसत्या जाळीनं कमी झाली हे पण पक्कं नाय, पाऊस आहे, सेल्फीवाल्यांची तुडवातुडव आहे. आणि वणवा कोण लावतं? पावसाळ्यात गवत जोमानं यावं म्हणून आपलीच माणसं काडी टाकतात. चर्चा कसली, गुन्हे दाखल करा.

जावळीकर: करा की, पण साक्षीला कोण येणार? गाव रुसलेलं असलं की कुणी काय बघितलेलं नसतं 😄 कासला तिकिटाचा कारभार गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडं आहे, हंगामात पोरांना रोजगार मिळतो, म्हणून तीच पोरं पर्यटकाला हटकतात.

शिराळ्याचा_पाव्हणा: तिकडं पर्यटक आहेत म्हणून जमलं हो. आमच्या चांदोलीत आधी धरण, मग अभयारण्य, मग राष्ट्रीय उद्यान, २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. उठवलेल्या लोकांनी दगड न उचलता ठिय्ये दिले, तरी जमिनीसाठी वर्षानुवर्षं हेलपाटे. बैठकीतला चहा लय पिला, इतिवृत्तावर सही झाली तरच तो संवाद म्हणायचा.

रानगवा_पाटण: मग वनहक्क कायदा आहे ना २००६ चा, जंगलावर गावाचा सामूहिक दावा टाका. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं २००९ ला हक्क मिळवून दाखवला.

शिराळ्याचा_पाव्हणा: गडचिरोलीचं इकडं जसंच्या तसं लावू नका. बिगरआदिवासींना तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो, डोंगरातल्या गवळी-धनगराकडं कुठला कागद? कायद्यात गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाब पण पुरावा धरतात, पण ते तालुक्याच्या टेबलावर कोण ऐकून घेतंय.

जावळीकर: म्हणूनच छोट्यापासून धरा. उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढताना कुठल्या अंगाला काढायची ते गुराख्यांना विचारा, वारा कुठनं येतो ते त्यांना ठाऊक असतं, आणि मजुरी पण गावालाच द्या.

रानगवा_पाटण: मजुरी वेळेवर देणार असतील तर माझी हरकत नाय. थकवली तर पुढच्या साली जाळरेषेला कोण फिरकणार नाय, बघा.