शब्दचर्चा : इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम आणि व्हर्च्युअल

प्रश्न : संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग हा विषय आहे. तासाला शिकवणे इंग्रजीतून होत असले, तरी टिपणे मी मराठीत काढतो. इनहेरिटन्सला, म्हणजे एका क्लासचे घटक दुसऱ्या क्लासला मिळण्याला, ‘वारसा’ म्हणावे की ‘आनुवंशिकता’, पॉलिमॉर्फिझमला ‘बहुरूपता’ चालेल का, आणि व्हर्च्युअल फंक्शनला ‘आभासी’ म्हणणे योग्य ठरेल का, याविषयी जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद १ : ‘आनुवंशिकता’ टाळावा, कारण तो जीवशास्त्रात रुळलेला शब्द आहे आणि तेथे गुण एका जिवाकडून दुसऱ्या जिवाकडे जातात, येथे संबंध दोन क्लासमधला, म्हणजे दोन आराखड्यांमधला आहे, त्यांवरून बनलेल्या दोन ऑब्जेक्टमधला नव्हे. ‘वारसा’ वापरता येईल, पण वारसाहक्काने मालमत्ता मिळते ती मूळ मालकाच्या पश्चात आणि वारस अनेक असल्यास तिच्या वाटण्या होतात. याउलट ज्याच्याकडून घटक मिळतात तो बेस क्लास जागच्या जागी राहतो आणि त्याच्यापासून कितीही क्लास तयार केले तरी कोणाच्याही वाट्याला कमी येत नाही. प्रायव्हेट, म्हणजे क्लासने बाहेरच्या कोडपासून राखून ठेवलेल्या, घटकांचा गोंधळही याच शब्दाभोवती होतो. सी प्लस प्लस या भाषेत ते वारशाने मिळतात, मात्र डिराइव्ह्ड, म्हणजे बेस क्लासपासून तयार केलेल्या, क्लासच्या कोडला ते थेट वापरता येत नाहीत. जावाच्या अधिकृत व्याख्येनुसार ते वारशाने मिळतच नाहीत, तरीही ऑब्जेक्टमध्ये त्यांची जागा असतेच. तोंडी परीक्षेत उत्तर देताना कोणत्या भाषेविषयी बोलत आहोत, हे आधी सांगावे.

माझ्या मते येथे व्याकरण अधिक उपयोगी पडते. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी ऑस्लो येथे घडवलेल्या सिम्युला ६७ या भाषेत एका क्लासच्या घोषणेआधी दुसऱ्या क्लासचे नाव लिहिले, की पहिल्याला दुसऱ्याचे घटक मिळत, आणि या योजनेला ‘प्रीफिक्सिंग’, म्हणजे उपसर्ग जोडणे, असेच म्हटले जाई. आपल्या व्याकरणात उपसर्ग लागून तयार झालेला शब्द ‘साधित’ असतो. तेव्हा डिराइव्ह्ड क्लासला ‘साधित क्लास’ आणि बेस क्लासला ‘मूळ क्लास’ म्हटल्यास मालमत्ता आणि रक्ताचे नाते, दोन्ही बाजूला राहतात. (क्लासचे ‘वर्ग’ करू नये असेही सुचवतो, संख्येचा वर्ग काढणारे फंक्शन लिहिताना त्रेधा उडते.)

प्रतिसाद २ : ‘साधित’शी सहमत. ‘बहुरूपता’ हा शब्द रसायनशास्त्रातही चालतो, तो राहू द्यावा. अडचण एवढीच की तो ऐकताच आपल्याला दारोदार फिरणारा बहुरूपी आठवतो. बहुरूपी माणूस एकच असतो आणि सोंगे अनेक घेतो. येथे ऑब्जेक्ट रूप बदलत नाही. ‘आकृती’ या क्लासपासून ‘वर्तुळ’ आणि ‘आयत’ साधले, तर वर्तुळ शेवटपर्यंत वर्तुळच राहते. ‘क्षेत्रफळ सांग’ ही हाक मात्र दोघांना एकच असते आणि प्रत्येक जण आपल्या सूत्राने उत्तर देतो. अनेक रूपे आहेत ती प्रतिसादाची, हे टिपणात ठळक लिहावे.

‘आभासी’ला माझा स्पष्ट विरोध आहे. व्हर्च्युअल फंक्शनमध्ये आभास कसलाच नसतो. सी प्लस प्लसमध्ये मूळ क्लासच्या पॉइंटरमधून (ऑब्जेक्टचा पत्ता ठेवणाऱ्या चलातून) हाक दिली आणि फंक्शन व्हर्च्युअल नसेल, तर कोणते फंक्शन चालवायचे हे पॉइंटरच्या प्रकारावरून कंपाइल करतानाच, म्हणजे प्रोग्रॅम चालण्याआधीच, ठरते. व्हर्च्युअल असेल, तर पॉइंटरने दाखवलेला ऑब्जेक्ट प्रत्यक्षात कोणत्या क्लासचा आहे, यावरून ते ठरते. शिवाय हा शब्द कोडमध्ये जसाच्या तसा टंकावा लागतो, त्यामुळे भाषांतराने काहीच साधत नाही. जावात तर हा कीवर्डच (भाषेचा राखीव शब्द) नाही, कारण तेथे सामान्य मेथड, म्हणजे क्लासमधली फंक्शने, मुळातच अशा वागतात.

प्रश्नकर्ता : दोघांचेही आभार. मग एकाच नावाची, पण वेगवेगळे पॅरामीटर घेणारी फंक्शने, म्हणजे ओव्हरलोडिंग, यालाही ‘बहुरूपता’च म्हणावे का?

प्रतिसाद २ : पाठ्यक्रमात ते त्याच प्रकरणात शिकवतात, म्हणून म्हणावे, मात्र ‘कंपाइलवेळची’ हे विशेषण लावल्याशिवाय नको, कारण तेथे निवड हाकेत दिलेल्या मूल्यांच्या (आर्ग्युमेंटांच्या) प्रकारांवरून आधीच झालेली असते.